दोघांची तपासणी

परगावचं काम उरकून लिफ्टमिस्त्री घरी आला आणि चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या तोंडचं पाणी पळालं. लघवीला बसला तर तापलेली तार ओढावी तशी आग झाली. खाली पाहिलं, तर चड्डीवर पिवळसर पू वाळून कडक झालेला.

त्याने नळ मोठा सोडला आणि चड्डी घासघासून धुतली. बायकोला सातवा महिना होता. दाराबाहेरून तिने एवढा वेळ का लागतोय म्हणून विचारलं. पोट बिघडलंय, म्हणाला.

कारण त्याला ठाऊक होतं, पण मन कबूल होईना. परगावच्या शेवटच्या संध्याकाळी बरोबरच्यांच्या नादाने तो एका बाईच्या खोलीवर गेला होता, आणि घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री बायकोजवळ. आता तो दुसरी कारणं शोधत बसला. पाणी कमी पडलं असेल, उष्णता असेल, थोरल्या भावासारखा मुतखडा असेल. मुतखडाच निघू दे, असं देवाला विनवणारा तो बहुधा पहिलाच.

कामावर त्याचा जोडीदार होता, सगळे त्याला काका म्हणत. काकांनी त्याचं सारखं लघवीला पळणं हेरलं, डोळे मिचकावले आणि आपल्या जुन्या दुखण्यातल्या उरलेल्या चार कॅप्सूल हातावर ठेवल्या. दोन दिवस आग कमी झाली. तिसऱ्या दिवशी दुपटीने आली, वर एक अंड दुखायला लागलं. त्याच दिवशी लिफ्टच्या टपावर उभा असताना विचारांच्या तंद्रीत तो थांबवायचं बटण दाबायला विसरला. टप झटक्याने वर निघाला. खालून काकांनी वीज तोडली म्हणून डोकं वाचलं. तो खाली उतरला. काका म्हणाले, "माझ्या गोळ्यांचा नाद सोड. आज, आत्ता डॉक्टरकडे जा."

डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी तपासलं, पुवाचा नमुना घेतला आणि विचारलं, "बायकोखेरीज कुणाशी संबंध आला होता?"

"नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लघवीत जंतू झाले, खडा अडकला, प्रोस्टेट सुजलं, नळीला इजा झाली, तरी जळजळतं, असं त्यांनी समजावलं. पण या वयात असा पू यायला लागला की पहिला संशय संबंधातून येणाऱ्या रोगाचा. "मी पोलीस नाही. खोटं सांगितलंस तर जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं होईल."

मग त्याने सगळं सांगितलं. बायको गरोदर आहे हेही सांगितलं, आणि डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. त्यांना हा परमा, म्हणजे गनोरिया, वाटत होता. इंजेक्शनाने बरा होतो. पण बाईला कित्येकदा काहीच त्रास होत नाही, रोग आत राहतो आणि बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना लागू शकतो, दृष्टी जाऊ शकते. तिची तपासणी आणि औषध याच आठवड्यात व्हायला हवं. दोघांचं रक्तही तपासायचं, एचआयव्हीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा.

"तुम्हीच सांगा ना तिला," तो म्हणाला.

"आधी तू सांग. मग दोघं या."

घरी बायको बाळाची दुपटी शिवत होती. तो समोर बसला. आधी बाळाच्या डोळ्यांचं सांगितलं, मग रोगाचं, मग खोलीचं. सगळं उलट्या क्रमाने. ती ओरडली नाही. सुई कापडात खोचून ठेवली, पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "दवाखाना किती वाजता उघडतो?"

रोग तिलाही लागला होता. तिनेही इंजेक्शन घेतलं. परतताना ती चार पावलं पुढे चालत होती, आणि तो तिला गाठायला धजला नाही. त्या रात्रीपासून तिचं अंथरूण वेगळं झालं.

मुलगी दिवस भरून झाली. बायको दमल्या आवाजात पहिलं वाक्य बोलली ते हेच, "तिचे डोळे नीट बघा." डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं, औषध घातलं, डोळे स्वच्छ होते. तो बाहेर भिंतीला टेकून रडला.

तीन महिन्यांची तपासणी झाली. दवाखान्यात तिने आधी आपला कागद वाचला, मग त्याचा, आणि घडी करून त्याच्या हातात दिला. दोघांचंही रक्त निर्दोष होतं.

"एक दिवस मला सगळं पहिल्यापासून सांगायचं," ती म्हणाली. "आज नाही. मी विचारीन तेव्हा."

तेव्हापासून संध्याकाळी मुलगी झोपली आणि बायको त्याच्याकडे वळली, की तो हातातलं काम खाली ठेवून वाट पाहतो. अजून तिने विचारलेलं नाही.