देवळीतल्या नऊ गोळ्या

कारेवाडीच्या केवळाबाईच्या घरी त्या चैत्रात रोज सकाळी एकच प्रकार घडायचा. पहिली भाकर तव्यावर पडायची, भाजल्या ज्वारीचा खरपूस वास घरभर व्हायचा आणि धाकटी सून सिंधु तोंडाला पदर लावून मागच्या दाराकडं धावायची. भिंतीआडून ओकारीचा आवाज आला की चुलीपुढं बसलेल्या केवळाबाईच्या तोंडावर हसू फुटायचं. हो, हसूच!

"येऊ दे वं येऊ दे," ती भाकर उलटता उलटता म्हणायची, "पोर मूळ धरून राहिलंय."

ओकारी येते तोवर गर्भ घट्ट, ओकारी थांबली की गर्भ सुटला, असं केवळाबाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं. सासूला तिच्या सासूनं. मधे कुणी कुणाला 'कशावरून?' असं विचारलं नव्हतं. विचारणार कोण? सुनेनं सासूला विचारायची आपल्याकडं रीतच नाही.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गावातल्या आडांनी तळ दाखवला होता. केवळाबाईचा धाकटा व्यंकटी आठ कोसांवर पाझर तलावाच्या कामावर गेला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. उस्मानाबादचे हेलपाटे चुकले म्हणून याच गावानं गुलाल उधळला होता. कलेक्टर जवळ आला, मोठा दवाखाना जवळ आला. फक्त केवळाबाईचं घर होतं तिथंच राहिलं.

सिंधु उदगीरची, सातवी पास. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पहिले आठ दिवस तिनंही हसून घेतलं. मग भाकर टिकेना, पेज टिकेना, आणि पुढं पाण्याचा घोटही टिकेना. अंग उतरून लुगड्याच्या निऱ्या वाढत चालल्या. थोरली जाऊ कोंडाबाई तिची पाठ चोळायची आणि सासूकडं बघायची. कोंडाबाईला स्वतःला मूल नव्हतं, म्हणून बाळंतपणाच्या गोष्टीत तोंड घालायचा हक्कही नव्हता.

अशातच एक दिवस सोनकांबळे शिष्टर आली. सरजा सोनकांबळे, नायगावकडची, बौद्ध समाजातली, नर्सिंग शिकून सरकारी नोकरीत लागलेली. बौद्धवाड्यात एका खोलीत राहायची आणि पाच गावं पायी फिरायची. ती अंगणात उभी राहिली. आत या, असं कुणी म्हटलं नाही आणि तिनंही वाट पाहिली नाही. सिंधुला तिथंच बाजेवर बसवून तिनं डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"केवळामाय, ही वाळून चाललीय," शिष्टर म्हणाली. "काल चाकूरच्या डॉक्टरसाहेबांनी गावात येऊन हिला तपासलं तवा त्यांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या आणल्यात. झोपायच्या आधी एक. आन्‌ मीठसाखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं. तरी थांबलं न्हाई तर सलाईन लावावं लागंल."

"ओकारी बंद व्हायची गोळी?" केवळाबाईनं विचारलं.

"हाव."

"मंग नको."

"माय, गर्भाला काही होत न्हाई. हे बघा." शिष्टरनं पाकिटातली एक गोळी काढली आणि सगळ्यांदेखत गिळली. "मी खाल्ली. झालं समाधान?"

"तुला काय व्हायचंय बाई," केवळाबाई फटकन्‌ बोलली, "तुझं आपरेशन झालेलं आसंल!"

शिष्टरनं डोळे मिटून घेतले. मग उरलेल्या नऊ गोळ्या तिनं केवळाबाईच्या पदरात वरून टाकल्या, हात लागू न देता. त्या गावात हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गंमत बघा, आड आटल्यापासून अख्खं गाव बौद्धवाड्यातल्या हापशाचं पाणी पीत होतं. तहानेपुढं शिवाशिव गपगार झाली होती. पाणी त्यांच्या हापशाचं चालत होतं, गोळी त्यांच्या हातची चालत नव्हती!

पण वाचकांनी केवळाबाईच्या नावानं लगेच बोटं मोडू नयेत. म्हातारी दुष्ट नव्हती, पोळलेली होती. दहा वर्षांपूर्वी तिचा थोरला नरसिंग बैल विकायला बाजाराला गेला. दोन दिवसांनी आला तो पाय फाकवून चालत, हातात नसबंदीच्या बदल्यात सरकारनं दिलेला तुपाचा डबा. "ताकदीची सुई देतो म्हणले, माय," एवढंच तो बोलला. तेव्हा त्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. केवळाबाईनं तो डबा उकिरड्यावर पालथा केला, पण कोंडाबाईची कूस काही परत आली नाही. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितं. तेव्हापासून सरकारी सुई, सरकारी गोळी, सरकारी बाई, सगळं तिला एकाच माळेचे मणी वाटायचं. आता घराण्याची सगळी आस सिंधुच्या पोटात होती. ती पणाला लावायची कशी?

तरी गोळ्या तिनं फेकल्या नाहीत. सिंधुची कातडी उभी राहिलेली तिनंही पाहिली होती. खंडोबाच्या टाकाशेजारी, भिंतीतल्या देवळीत, हळदीच्या डबीमागं तिनं ते पाकीट ठेवून दिलं.

"आत्या," सिंधु भिंतीला टेकून म्हणाली, "द्या ना त्यातली एक. लई आग पडून राहिलीय पोटात."

"तू ल्हान हाईस माय. तुला काय कळतंय त्यातलं? मोठ्या माणसाला इचारू दे."

आणि मग विचारायला सुरुवात झाली.

आधी व्यंकटीला विचारायचं, तर तो आठवड्याच्या सुट्टीला येणार. चार दिवस त्यात गेले. तो आला, बायकोकडं पाहून हबकला. तिच्या कपाळाला हात लावायला पुढं झाला, पण आई समोर होती म्हणून हात मागं घेतला. "माय म्हणल तसं," तो खाली बघून म्हणाला. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत कामावर निघून गेला.

माय काय म्हणणार? तिनं नरसिंगला विचारलं. नरसिंगनं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. पाकीट देवळीत ठेवून तो गोठ्यात गेला आणि संध्याकाळपर्यंत घरात आला नाही.

मग भावकीतले वडीलधारे अमृतराव. त्यांच्या शब्दाबाहेर घर जात नव्हतं. ते पान चघळत ओसरीवर बसले, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "वहिनी, सरकार फुकट कोणाला काय देतंय का?" ते म्हणाले. "आन्‌ बाया काय आजच पोटुशा राह्यल्या? आमच्या आयांनी कोण्या गोळ्या खाल्ल्या? अमावस्या जाऊ द्या, मंग बघू." अमावस्येला पाच दिवस होते. पोटुशी बाई म्हणजे काय आणि पाणीसुद्धा न टिकणं म्हणजे काय, याचा अमृतरावांना अनुभव असायचं काहीच कारण नव्हतं. पण निकाल द्यायला आपल्याकडं अनुभव लागतो कुठं? ओसरी असली की पुरे.

कोंडाबाईनं एकदा धीर केला. सासू हापशावर गेली असताना तिनं देवळीत हात घातला. पण हळदीची डबी हलली आणि टाक पालथा पडला. वांझेचा हात लागला म्हणून पोटातलं गेलं, असं उद्या कुणी म्हटलं तर? तिनं टाक सरळ केला, नमस्कार केला आणि पाकीट होतं तिथंच ठेवलं. सिंधु बाजेवरून हे सगळं बघत होती. काही बोलली नाही. बोलायला थुंकीही लागते.

त्या दिवसांत शिष्टर दोनदा येऊन गेली. एकदा दारातूनच परत पाठवली. दुसऱ्यांदा तिनं हात जोडले. "माय, गोळी नको तर नको. तिला चाकूरच्या दवाखान्यात तरी न्या. सलाईन लावू."

"अमावस्या होऊ दे," केवळाबाई म्हणाली. पण या वेळी तिच्या आवाजात जोर नव्हता.

अमावस्येच्या आदल्या सकाळी केवळाबाईनं पहिली भाकर तव्यावर टाकली. खरपूस वास सुटला. मागच्या दाराकडं कुणी धावलं नाही. केवळाबाई कान देऊन बसली. भाकर एका बाजूनं करपली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

"सिंधे? ओकारी न्हाई का आली?"

सिंधु बाजेवर पडून होती. तिनं मान नुसती हलवली.

"बया बया बया! गर्भ सुटला!" केवळाबाईनं ऊर बडवून घेतला. "अरं नरसिंगा, पळ! माझं नातवंड गेलं रे!"

हे असं झालं. तीन आठवडे सून वाळत होती तेव्हा घर हललं नाही. ओकारी थांबली, तेव्हा हललं. सुनेसाठी नव्हे, नातवासाठी!

त्या दिवशी सकाळीच पाण्याचा टँकर गावात आला होता. नरसिंगनं ड्रायव्हरचे पाय धरले. लातूरला परतणाऱ्या रिकाम्या टँकरच्या केबिनमध्ये सिंधुला बसवलं, एका बाजूनं केवळाबाई, दुसऱ्या बाजूनं शिष्टर. शिष्टरला कुणी बोलावलं नव्हतं. ती पळत आली आणि चढून बसली. सिंधुचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं तेव्हा केवळाबाईनं ते ओढून घेतलं नाही. सगळा रस्ता टँकरच्या तळाशी उरलेलं पाणी डुचमळत होतं. एकदा सिंधुनं डोळे उघडले.

"आत्या, पाणी वाजतंय," ती म्हणाली.

तेच तिचं शेवटचं बोलणं. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी, नर्सनी दोन्ही हातांना सुया लावल्या, धावपळ केली, काही कमी केलं नाही. दुपार कलायच्या आत सगळं आटोपलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा केवळाबाईनं त्यांची वाट अडवली.

"साहेब, गर्भ कवा सुटला होता वो माझ्या सुनंचा?"

डॉक्टर क्षणभर गोंधळले. "गर्भ सुटला नव्हता, आजी," ते हळू आवाजात म्हणाले. "पोटातलं नीट होतं. अंगात पाणीच उरलं नव्हतं तिच्या. उलटी करायचीसुद्धा ताकद राहिली नव्हती. आठ दिवस आधी आणली असती तर..."

केवळाबाई तिथंच फरशीवर बसली. ती रडलीसुद्धा नाही. नुसती बोटं मोजत राहिली. चार दिवस व्यंकटीचे, पाच दिवस अमावस्येचे.

तेराव्यानंतर ती घराबाहेर पडेना. कुणी समजूत काढायला आलं तर म्हणायची, "सगळ्यांला इचारलं बाई मी. सगळ्यांला." आषाढ लागला. एका सकाळी चूल न पेटवताच तिनं देवळीतलं पाकीट काढलं आणि बौद्धवाड्याची वाट धरली. हापशावर नाही थांबली, थेट शिष्टरच्या खोलीत गेली. आत जाऊन बसली आणि गोळ्या पुढं ठेवल्या.

"मोज," ती म्हणाली. "नऊच हायत. एक तू खाल्लीस ती." आणि लगेच, "शरणप्पाच्या सुनंला दिवस गेलेत. ओकाऱ्या लागल्यात तिला. ह्या चालतील का तिला?"

"एकीच्या गोळ्या दुसरीला देत न्हाईत, माय. डॉक्टरांनी तपासल्यावर तिला तिच्या देतील." शिष्टरनं तांब्या भरून पुढं केला. केवळाबाईनं तो तोंडाला लावला आणि तेव्हा कुठं तिच्या डोळ्याला पाणी आलं. "मला माफ कर, आसं म्हणायला बी तोंड न्हाई गं मला," ती म्हणाली. "पर माझ्यासंगं चल. तुला एकटीला ते अंगणातच उभं करतील."

दोघी गावातून निघाल्या, म्हातारीनं शिष्टरचा हात धरलेला. ओसरीवर अमृतरावांचं पान चघळणं क्षणभर थांबलं. केवळाबाईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

शरणप्पाची बायको भामाबाई उंबऱ्यात आडवी आली. केवळाबाईनं धरलेला शिष्टरचा हात बघून तिचा चेहरा बदलला. सुनेला दवाखान्यात न्यायचं केवळाबाईनं सांगितलं. "दवाखान्याचं म्हणता तर... आमच्या यांना इचारते. मंग मोठे मामंजी हायत, त्यांच्या कानावर घालते," ती म्हणाली.

"तिला इचार, भामे."

"कोणाला?"

"जिला ओकाऱ्या होऊन राहिल्या तिला! मी सगळ्यांला इचारलं, घरच्यांला, भावकीला, अमावस्येला बी इचारलं. तिला तेवढं न्हाई इचारलं. तिनं आपल्या तोंडानं मागितली होती गं गोळी. मी म्हणलं, तू ल्हान हाईस."

आतल्या दाराशी शरणप्पाची सून उभी होती. असेल अठरा-एकोणीसची, ओठ सुकलेले. केवळाबाईनं तिच्याकडं बघून विचारलं, "सांग माय, तुला दवाखान्यात जायचंय का?"

पोरीनं आधी सासूकडं पाहिलं. मग खाली जमिनीकडं. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही, पण असा प्रश्न तिला उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता.

"सासूकडं नको बघू," केवळाबाई म्हणाली. "मी बी सासूच हाय." आणि भामाबाईच्या उंबऱ्यावरच तिनं बसकण मारली, शिष्टरला शेजारी बसवून घेतलं. "तू आपल्या तोंडानं सांगस्तोवर मी हितून उठत न्हाई."