पायथ्याची ओल

बाब ४. भरावाच्या पायथ्याशी ओल अथवा पाझर: आढळला.
शेरा: लगतच्या शेतकऱ्याच्या पाइपलाइनची गळती. बंधाऱ्याशी संबंध नाही.

तपासणीच्या कागदावरचं हे अक्षर राजेश्वरी मॅडमचं. त्या जलसंधारण खात्याच्या अभियंता, पावसाळ्याआधी मातीचे सगळे बंधारे पायी फिरून बघायचे, हे त्यांचं काम. अक्षर त्यांचं, पण शब्द मनकर्णाचे होते.

मे महिना होता. तिसगावपासून इकडची सगळी रानं तव्यासारखी तापलेली. विहिरीनं तळ गाठलेला, टँकर दोन दिवसांआड, बंधाऱ्यातही तळाशी थोडंच पाणी उरलेलं. आणि बंधाऱ्याच्या ऐन पायथ्याशी मनकर्णाच्या दोन गुंठ्यांत गुडघाभर लसूणघास डुलत होता. तिच्या दोन्ही जर्सी गायी त्या घासावर तगल्या होत्या. वाफ्यात पाय ठेवला की टाच रुतायची.

मॅडम भराव उतरून खाली आल्या. "मावशी, इथं ओल कशाची?"

"आमची पाइपलाइन हाय ना खाली. जुनी हाय. गळती."

इतकं सहज तोंडातून आलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. तिथं पाइपलाइन नव्हती. कधीच नव्हती.

"मग दुरुस्त करून घ्या की. एवढं पाणी वाया जातंय."

"वाया कुटं जातंय? घास पितोय की."

मॅडम हसल्या आणि लिहीत राहिल्या. मनकर्णा त्यांच्या पेनाकडं बघत राहिली. शेजारच्या शिवारात असाच एक बंधारा पाझरला, तेव्हा पायथ्याशी चर खणून वाळू-खडीचा थर टाकला गेला आणि त्या जागेत पुन्हा काही पेरता आलं नाही. हे ती स्वतः जाऊन बघून आली होती.

निघताना मनकर्णानं दिलेल्या चहाचा कप खाली ठेवत मॅडम म्हणाल्या, "बंधाऱ्याच्या अंगाला कुठंही पाणी दिसलं तर लक्ष ठेवा. निवळ असेल तर एक वेळ चालतं. गढूळ यायला लागलं की समजायचं, पोटातली माती वाहून चाललीय. मग बंधारा किती तास टिकेल सांगता येत नाही. लगेच फोन करा."

मनकर्णानं नंबर घेतला.

बाब ४. (पुढचं वर्ष.)
शेरा: मागीलप्रमाणे.

या खेपेला तर खोटं बोलावंही लागलं नाही.

बाब ९. खालच्या बाजूची वस्ती: घरे अकरा.

अकरातलं पहिलं घर लंकाबाईचं. लंकाबाई मनकर्णाची थोरली जाऊ. बंधारा नव्हता तेव्हा डोंगराकडून आलेल्या ओढ्यानं तिच्या घराची एक भिंत आणि दावणीचे दोन बैल नेले होते. म्हणून तर बंधारा झाला. पाणी साठवायला नव्हे, पूर अडवायला. दोघी जावा त्या कामावर रोजानं जायच्या. मनकर्णा तेव्हा नवी नवरी. मातीचं टोपलं तिला धड उचलता यायचं नाही.

"मनकर्णे, डोक्यावर घे. कडेवर काय घेतीस? ते काय लेकरू हाय का?"

सगळ्या बाया हसल्या होत्या. मुकादम काठावरून ओरडायचा, काळी माती पोटात टाका, मुरूम पाठीवर. काळी माती गावतळ्यातून ट्रॅक्टरनं यायची. चिकट, जड, ओली असली की मान मोडायची. बंधाऱ्याच्या पोटात काय आहे ते मनकर्णाला कागद वाचून कळलेलं नव्हतं.

त्या दोन वर्षांत तिला हे आठवलं नाही असं नाही. घास कापताना आठवायचं. मग ती विळा जोरात चालवायची. पाणी निवळ आहे ना, ती स्वतःला सांगायची. मॅडमच म्हणाल्या, निवळ चालतं. पण मॅडम ते म्हणाल्या तेव्हा त्यांना कुठं माहीत होतं, की पाणी बंधाऱ्याचं आहे?

बाब ४. (तिसरं वर्ष. सप्टेंबर. यंदा पावसाळ्याआधीची तपासणी राहून गेली; हा रकाना कुणी भरलेला नाही.)

तीन दिवस पाऊस लागून राहिला. बंधारा भरत भरत सांडव्याच्या खाली हातभर राहिला. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली म्हणून मनकर्णा विळा घेऊन वाफ्यात गेली. अजिनाथ, तिचा नवरा, टेम्पो घेऊन शिंगणापूरला गेलेला.

वाफ्यातलं पाणी चहासारखं दिसत होतं. पावसाचं साचलं असेल, असं तिनं म्हणून बघितलं. पण एका जागी, ताटलीएवढ्या घेरात, ते खालून उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. तिनं तांब्या भरला, बांधावर ठेवला आणि शेजारी बसून राहिली. पाणी निवळलं. तिनं वरचं पाणी ओतून तळाशी बोट फिरवलं. काळी माती. चिकट.

तिच्या रानात काळी माती नाही. सगळं मुरमाड, तांबूस.

फोनवर ती काय बोलली:

"मॅडम, मी मनकर्णा, बंधाऱ्याखालची. पायथ्याला गढूळ पानी येतंय."

"तुमच्या पाइपलाइनपाशीच ना? दोन्ही वर्षी नोंद आहे माझ्याकडं. पाइप फुटला असेल, मोटार बंद करा. तासाभरात निवळेल. मी दुसऱ्या बंधाऱ्यावर आहे, दुपारनंतर येऊन जाते."

"बरं."

फोनवर ती काय बोलली नाही:

मोटार वरच्या अंगाला हाय, मॅडम. तिथनं खाली एक फूटसुदिक पाइप न्हाई. मी खोटं बोलले. माती काळी हाय. ती मीच वाह्यली हुती. खाली अकरा घरं हायेत.

"बरं" म्हणून तिनं फोन कमरेला खोचला आणि घास कापायला लागली. तिनं नंतर कुणालाही हे सांगितलं नाही, पण तसंच झालं. एक पेंडी कापली. दुसरी कापली. हात चालत राहिले तोवर काही झालेलं नाही, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. तिसऱ्या पेंडीला तिनं मान वळवून बघितलं, तर ताटलीची घमेल्याएवढी जागा झाली होती.

"आगं, एवढ्या पावसात बी तुजी मोटार चालूच व्हय? लाइटबिल काय सासरा भरतोय?"

लंकाबाई. शेळ्यांना मूठभर घास न्यायला आलेली, डोक्यावर गोणपाटाची खोळ.

"आक्का, तितंच थांब."

"का गं? साप हाय का?" म्हणत ती आणखी दोन पावलं पुढं आली आणि तिनं खाली बघितलं. मग वाकली, चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली. ओळखायला तिलाही वेळ लागला नाही.

मनकर्णानं तिच्यादेखत फोन लावला.

"मॅडम, तितं पाइपलाइन न्हाई."

"म्हणजे? बंद केली ना?"

"न्हाईच हाय. कदीच नव्हती. मी तुमाला खोटं सांगितलं. ते पानी बंधाऱ्याचं हाय."

पलीकडं गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

"कधीपासून?"

"तिसरं वरीस."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वस्ती खाली करा. आत्ता. जनावरं सोडा, शाळेत जा, उंचावर. मी जेसीबी घेऊन निघते," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

फोन बंद करून मनकर्णा वळली. लंकाबाई तोवर वस्तीकडं पळत सुटली होती, एकेका घराचं नाव घेत.

बाब २. सांडवा: खोल करण्यात येत आहे.

पाऊण तासात मॅडम आल्या. त्यांच्या माणसांनी उकळीवर वाळूच्या गोण्या आणि खडी रचायला घेतली. घास पायांखाली चिखलात गेला. मनकर्णानं तिकडं बघितलंही नाही. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. बंधाऱ्यातलं पाणी उतरवायला हवं होतं, आणि त्याला एकच वाट होती: सांडवा उकरायचा, पाणी ओढ्यात सोडायचं. ओढ्याच्या कडेला लंकाबाईची दीड एकर बाजरी उभी होती. कणसं भरलेली, आठ दिवसांत काढणीला येणारी.

मॅडमनी ते लंकाबाईला स्वतः सांगितलं. "आजी, शेत वाचणार नाही. पण एकदम फुटला तर काहीच वाचणार नाही."

"किती येळ हाय?"

"एक तास देते. त्याहून जास्त नाही. जेसीबीचा भोंगा वाजला की शेतात कुणी दिसता कामा नये."

लंकाबाईनं पदर खोचला. वस्तीतल्या बाया विळे घेऊन आल्या, शेजारची राहीबाई आली, तिची सून आली. मनकर्णाही शिरली. कुणी तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. चिखलात पिंडऱ्यांपर्यंत रुतत, नुसती कणसं खुडून पाठीवरच्या गोणीत टाकायची. जमेल तेवढी. लंकाबाई पलीकडच्या सरीत होती. ती कणीस हातात धरायची, अंगठा फिरवून बघायची, मग खुडायची. मनकर्णा बघत नव्हती. हाताला लागेल ते ओरबाडत होती, सपासप, जणू जेवढी कणसं तेवढं काहीतरी कमी होणार होतं.

"आक्का," ती एकदा म्हणाली.

लंकाबाई पुढच्या ताटाकडं सरकली.

भोंगा वाजला. बाया धावत चढावर गेल्या. मनकर्णा खुडतच राहिली, आणखी एक, आणखी एक, भोंगा दुसऱ्यांदा वाजला तरी.

"ये मनकर्णे! वर ये!" लंकाबाई चढावरून ओरडली. "आता तुला काडायला मानसं बुडवायची का?"

ती वर आली. सांडव्यातून पाणी निघालं, आधी तांबडं, मग पांढऱ्या फेसाचं, आणि ओढ्याच्या कडेनं बाजरीत शिरलं. ताटं एका बाजूनं आडवी होत गेली. आवाज फार मोठा नव्हता. मॅडम बंधाऱ्यावर उभ्या राहून पातळी बघत होत्या, आणि ती उतरत होती.

लंकाबाई खाली बसली. ताडपत्रीवर सगळ्यांनी आणलेला ढीग होता. मनकर्णानं आपली गोणी त्यावर रिकामी केली. सगळ्यांत मोठी गोणी तिचीच होती.

लंकाबाईनं त्या गोणीतलं एक कणीस उचललं, दाणा नखानं दाबला. दूध आलं. दुसरं उचललं. त्यालाही दूध.

"कच्ची तोडलीस," ती म्हणाली.

मग एकेक निवडून बाजूला टाकायला लागली. मनकर्णा समोर बसली आणि तीही निवडायला लागली. मधूनच मनकर्णाच्या बाजूचं एखादं पिकलेलं कणीस चुकून कच्च्यात पडायचं. लंकाबाई ते उचलून परत ढिगावर ठेवायची.