भिंगावरचा पडदा

मित्रांनो, मी एका दीपगृहाचं जुनं भिंग आहे. आज नोएडातल्या दीपगृह खात्याच्या कार्यालयाच्या दर्शनी दालनात उभं आहे. समुद्र इथून फार लांब राहिला.

माझं घर म्हणजे कोकण किनाऱ्यापासून दूर, खडपा नावाचं बेट. तिथे ना झाड, ना गोडं पाणी. समुद्र शांत असेल तेवढेच महिने होडी लागायची, म्हणून बुरूज उभारायला सहा वर्षं गेली. काळा दगड, चुना, प्यायचं पाणी, सगळं होडीतून यायचं. दोन गवंड्यांना लाटेनं नेलं. शेवटी भुशात बांधलेले माझे काचेचे तुकडे दोरांनी वर चढवले, पितळी चौकटीत बसवले.

मला सांभाळणारे शेवटचे माणूस शांताराम. संध्याकाळी आधी माझा दिवा लागायचा, मगच त्यांच्या देवापुढचा. सूर्य उगवला की मला पुसून ते पडदा ओढायचे. त्यांची छोटी हेमलता विचारायची, "बाबा, हे रोज कशाला?"

"अगं, रात्री हे उजेड लांब फेकतं. दिवसा तेच ऊन एका जागी गोळा करतं. आग लागेल ना!"

पुढे बुरुजावर नवा दिवा आला आणि मला इथे आणलं. हेमलताताई इथेच नोकरीला. समोरच्या भिंतीवर लावायला त्यांनी बाबांचा एकुलता एक फोटो दिला.

दालनाच्या उद्घाटनानंतर इथले मोठे अधिकारी अविनाश साहेब यांनी माझ्यावरचा पडदा काढायला लावला.

"सर, दिवसा तो हवाच," ताई म्हणाल्या.

"अच्छा? यालाही नजर लागते का, मॅडम? लोकांनी बघायचं काय, पडदा? चलो, उचला तो मळका कपडा!"

सगळे हसले. ताई आपल्या टेबलाकडे परतल्या.

रविवारी कार्यालय बंद होतं. खिडकीतून ऊन थेट माझ्यात शिरलं. मला डोळे मिटता येत नाहीत. फोटो तपकिरी झाला, काच तडकली, चेहऱ्याच्या जागी भोक पडलं. ते मीच केलं.

सोमवारी ताईंचा उपास होता. त्यांनी फोटो उतरवून तडकलेली काच काढली.

"सॉरी, मॅडम," साहेब हळूच म्हणाले. "दुसरी कॉपी असेल ना?"

"नाही, सर. मीच जोर देऊन सांगायला हवं होतं."

दुपारच्या सुट्टीत त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. आता रोज सगळ्यांच्या आधी येऊन तो ओढतात, मगच चहा घेतात. मार्चमध्ये त्या निवृत्त होतील.

मित्रांनो, मला बघायला जरूर या. पण दिवसा आलात, तर पडदा ओढलेला आहे ना, तेवढं आधी बघा. फोटो अजून समोरच आहे. त्यात बाबांचे हातच तेवढे उरलेत, आणि हातात मला पुसायचं फडकं.