हौदावरची तेलकट साय

मित्रांनो, रोपवाटिकेच्या सिमेंटच्या हौदात, शेवाळाच्या आडोशाला राहणारा मी एक जुना पाणभुंगा आहे. घर पाण्यात, पण श्वासाला हवा लागते तुमच्यासारखीच. देवाने माशाला कल्ले दिले आणि मला पंखांखाली हवेची शिदोरी बांधून दिली. ती सरली की वर यायचे, शेपटाचे टोक पाण्याबाहेर काढायचे, शिदोरी भरून पुन्हा बुडी. त्यामुळे जिवाला घोर कायमचाच.

लहानपणी मी अळी होतो, आणि कमालीचा खादाड. डासांच्या अळ्या दिसल्या की जबड्यात धरून त्यांचा फडशा पाडायचा. मग काठच्या ओल्या मातीत निजलो, तो उठलो कवच घालूनच. रोपांना पाणी घालणाऱ्या वहिनी झारी बुडवताना मला राखणदार म्हणायच्या. त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस फुगून होतो.

यंदा डास फार वाढले. वहिनींच्या दिरांनी, म्हणजे मालकांनी, जळके ऑइल आणून हौदात ओतले. तेल वर तरंगेल, झारी खालून भरा, असे सांगून ते मोकळे झाले. पण खाली जाणारी झारी वरूनच जाते ना?

मी वर आलो तर शेपटाला हवेऐवजी चिकट साय लागली. दुसऱ्या कोपऱ्यात गेलो, तिथेही तीच. शिदोरी संपत आली होती. हाक तरी कोणाला मारणार?

तेवढ्यात कोवळ्या रोपांची पाने तेलकट झालेली पाहून वहिनी थबकल्या.

"भाऊजी, डास मारताय की रोपं?"

"डासांनी फोडून काढलंय. मग काय पंगत मांडू त्यांची?"

"त्यांना खाणारा आत बसलाय. आधी त्याचाच जीव घेताय."

भाऊजी ओशाळले. वहिनींनी रद्दीचा कागद पाण्यावर पसरून अलगद ओढला. कागद तेल प्यायला, हातभर पाणी उजळले. मी कसाबसा तिथे पोहोचलो. त्या श्वासाची गोडी काय सांगू, मित्रांनो? मग भाऊजीही वाकून कागद ओढू लागले.

तरी अजून मी वर येतो तो जीव मुठीत धरूनच. उद्या दुसऱ्याच कोणी तेलाचा डबा उचलला आणि वहिनी जवळ नसल्या तर? म्हणून हात जोडून सांगतो, पाण्यात काही ओतण्याआधी क्षणभर वाकून पाहा. खालून कोणीतरी श्वासासाठी वर येत असेल.