भोंगा कानाला लागला तेव्हा

मी भोंगा बोलतोय. अकोल्याच्या किसनराव भाजीवाल्यांचा. जन्मभर बोलण्याचंच काम केलं, पण शब्द नेहमी दुसऱ्याचे. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगायला बसलोय, तेव्हा घडीभर थांबा. आवाज मोठा वाटला तर राग मानू नका, ती माझी खोड आहे.

माझा जन्म घासलेटच्या डब्यातून झाला. जठारपेठेत नत्थुजी टिनवाले बसत. त्यांनी डबा कापला, पत्रा गुंडाळला, सांध्याला डाख दिला आणि एक तोंड अरुंद, दुसरं पसरट असा मला उभा केला. काठ मुडपून घेतले, नाहीतर किसनरावांचे ओठ रोज कापले असते. आमचे नत्थुजी कामाला एक नंबर, फक्त सांगितलेल्या दिवशी काम देतील तर शपथ.

किसनरावांना भोंगा कशाला हवा होता म्हणाल, तर मोठ्या तापात त्यांचा आवाज बसला, तो कायमचाच. मोर्णेकाठी मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, सगळं हिरवंगार. पण बाजारात ओरडायला गळा नाही. शेजारचा गडी ओरडून ओरडून कालची वांगी खपवायचा आणि यांची सकाळची वांगी पाटीत बसून राहायची. "माह्या मालाले तोंड नाही," असं ते म्हणायचे. ते तोंड म्हणजे मी.

बाजारात मी कामाचा होतो. पण नावाला आलो ते हुतुतूच्या मैदानात.

किसनरावांना मोर्णाकाठ संघाचं वेड होतं. वेड म्हणजे काय, तर दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत एक सामना चुकायचा नाही. बाळापूरला बैलगाडीनं, मूर्तिजापूरला आगगाडीनं, नाहीच काही मिळालं तर पायी. मी खांद्याला दोरीनं लटकलेला. त्यांची बायको शकुनबाई मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणायची, "त्या नऊ जनायले तुमीच धावून देता काय? एखांद्या दिवशी मळ्याकडे बी पाहत जा."

"पायटीच पाणी देऊन चाललो ना," किसनराव म्हणायचे. आणि खरंच पहाटे पाणी देऊन निघायचे.

मैदानावर मी त्यांच्या तोंडाला लागलो की अकोल्याची दोनशे माणसं एकदम ओरडायची. कोणी ठरवलं नव्हतं, आपोआपच पडलेली रीत. लोक खेळाकडे पाहत आणि एक डोळा माझ्यावर ठेवत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी गर्व होता. संघ माझ्यामुळेच जिंकतो अशी माझी पक्की समजूत होती.

संघात चढाईला चंद्रभान होता. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापसाचे बोजे उचलणारा बावीस वर्षांचा जवान. हुतुतूचा नियम तुम्हाला ठाऊक असेल. समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, एका दमात "हुतुतुतू" म्हणत गडी शिवायचे आणि दम तुटायच्या आत मधली रेघ गाठायची. शिवलेला गडी मेला. पण आत असताना दम तुटला, तर चढाईवालाच मेला. आणि दम चालू आहे की तुटला, हे पंचांनी कानांनी ठरवायचं. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण आम्ही नेमकं तेच विसरलो.

सन पस्तीसच्या हंगामात अमरावतीचा संघ अकोल्याला खेळायला आला. सामना संपत आलेला, आम्ही दोन गुणांनी मागे. चंद्रभान आत गेला आणि एका फेरीत तीन गडी शिवून वळला. तिघं! किसनरावांना कुठलं भान राहायला? रेघेच्या अगदी जवळ उभे होते. मला तोंडाला लावून "चंद्रभाऽन, चंद्रभाऽन" असा गजर केला, मागोमाग दोनशे गळे. माझा पत्रा थरथरत होता.

चंद्रभान रेघेपार पडला. पंच रामराव मास्तरांनी हात वर केला आणि म्हणाले, "दम तुटला. गडी मेला."

सामना गेला. किसनरावांनी माझ्यातूनच मास्तरांना नाही नाही ते सुनावलं. मास्तर सरळ माणूस. एवढंच म्हणाले, "मला दम ऐकू आला नाही. जे ऐकू आलं नाही, ते मी चालू कसं समजू?"

अमरावतीकर जाताना चंद्रभानला "फुटका भाता" म्हणून चिडवत गेले. तो मान खाली घालून बसला होता. किसनराव त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर त्यानं अंग चोरलं.

"काकाजी, माहा दम तुटला नव्हता," तो म्हणाला. "मास्तरले ऐकू कसा येईन? तुमचा भोंगा त्याहिच्या कानात होता."

संघाचे म्होरके जानराव जवळच उभे होते. त्यांनी जास्त शब्द खर्चले नाहीत. "काकाजी, आता भोंगा घरी ठेवा," म्हणाले.

मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. जो गडी आमचा जीव की प्राण, त्यालाच आम्ही दोघांनी मिळून मारला होता. घरी आल्यावर शकुनबाईनं काही न विचारता माझ्या तोंडात चिंधी कोंबली आणि मला खुंटीला टांगलं. किसनराव जेवले नाहीत.

पुढच्या दोन सामन्यांना ते माझ्याशिवाय गेले. परत येऊन शकुनबाईला सांगायचे ते मी खुंटीवरून ऐकायचो. आम्ही दोन्ही जिंकलो होतो, अमरावतीशी शेवटचा सामना ठरला होता. पण चंद्रभान चढाईला गेला की आपलीच माणसं वाट्टेल तशी ओरडत, कोणाचा कोणाला मेळ नाही. आणि चंद्रभाननं तर कहरच केला होता.

"जानरावले म्हन्ते, आखरी सामन्यात मले धाडू नोका. माह्या दमावर पंचाचा भरोसा नाही," किसनराव म्हणाले. "अवं, असा दम साऱ्या वऱ्हाडात नाही. आन् तो बसून राहीन? माह्यामुळं?"

"मंग आता काय करता?" शकुनबाईनं विचारलं.

किसनराव उठून माझ्या खुंटीखाली आले. मग म्हणाले, "लोकाईले ओरडाले म्याच शिकोलं. चूप राहाले बी म्याच शिकोतो."

त्यांनी मला खुंटीवरून काढलं, चिंधी उपसून फेकली आणि सकाळीच जानरावांच्या दारात जाऊन उभे राहिले. जानरावांच्या कपाळाला आठी पडली. "भोंगा आनतो, पन ओरडाले नाही," किसनराव म्हणाले. "चंद्रभानले धाडा. त्याच्या दमाची जोखीम माह्यावर."

शेवटच्या सामन्याला अकोल्याची माणसं आगगाडीनं अमरावतीला निघाली. किसनराव डब्याडब्यात हिंडले. मला तोंडाला लावायचे आणि सांगायचे, "भोंगा असा असला, तं ओरडा." मग मला उलटा करून अरुंद तोंड कानाला लावायचे. "आन् असा असला, तं हू नाही का चू नाही." लोक हसायचे. एकानं विचारलं, "काकाजी, कान फुंकून घेता काय?" किसनराव हसले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी सगळ्यांना फलाटावर उतरवलं आणि तालीम घेतली. मी तोंडाला, गलका. मी कानाला, चूप. पहिल्या खेपेला चौघं खिदळले. दुसऱ्या खेपेला दोघं. तिसऱ्या खेपेला इतकं शांत झालं की पलीकडे उभ्या असलेल्या छोट्या गाडीच्या इंजिनाचं पाणी गळताना ऐकू येत होतं. चहावाला किटली घेऊन जागीच उभा राहिला, त्याला वाटलं कोणी तरी गेलं. चंद्रभान डब्याच्या खिडकीतून हे सगळं पाहत होता.

अमरावतीच्या मैदानावर पंच तेच, रामराव मास्तर. अमरावतीची माणसं पलीकडच्या टोकाला, आमची अलीकडे, आमच्याच अंगणामागे. सामना अटीतटीचा झाला. अखेरची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. पलीकडून "फुटका भाता, फुटका भाता" सुरू झालं. जानरावांनी एकदा किसनरावांकडे पाहिलं आणि चंद्रभानला म्हणाले, "जाय."

चंद्रभान आत गेला. किसनरावांनी मला कानाला लावलं. पण माझ्याकडे पाहतो कोण? सगळ्यांचे डोळे चंद्रभानवर. त्यानं एक गडी शिवला आणि आमच्या लोकांत गलका उठला. आता झालं कल्याण, मी मनात म्हटलं.

तेव्हा किसनरावांनी जे केलं ते मी या जन्मी विसरणार नाही. ते उठले, सगळ्यांच्या पुढे गेले आणि मैदानाकडे पाठ करून आपल्या माणसांकडे तोंड करून उभे राहिले. सगळा हंगाम ज्या घडीसाठी पायपीट केली, त्या घडीलाच पाठ. मी त्यांच्या कानाला, माझं पसरट तोंड मागे मैदानाकडे. पुढच्या रांगेनं मला पाहिलं आणि तोंडं मिटली. त्यांनी मागच्यांना कोपरानं ढोसलं. गलका विरत विरत शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि संपला. उलट ओरडायला कोणी नाही म्हटल्यावर पलीकडचं "फुटका भाता"ही बंद पडलं.

आणि मी ऐकलं. जन्मभर दुसऱ्याच्या कानाशी ओरडणारा मी, पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकत होतो. "हुतुतुतुतू." बारीक, पण सलग. मग धपकन कोणी आदळल्याचा आवाज. त्याला धरलं होतं. दम चालूच. माती घासल्याचा आवाज, दम चालूच. किसनरावांनी मला कानावर घट्ट दाबलं, पण मान वळवली नाही. दम सुतासारखा बारीक झाला आणि रेघेवर येऊन थांबला.

अमरावतीकरांनी ओरडा केला, "तुटला, तुटला."

"तुटला नाही," रामराव मास्तरांचा आवाज आला. "रेघ शिवेपर्यंत सगळा ऐकला मी. धरणारा आणि आधीचा, दोन गडी मेले. अकोला एका गुणानं वर."

आम्ही जिंकलो होतो. पण आमच्या बाजूनं हूं नाही की चूं नाही. दोनशे माणसं ओठ दाबून उभी, कारण मी अजून कानालाच होतो. किसनरावांना सुचतच नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

चंद्रभान धुळीनं माखलेला तसाच चालत आला. त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "काकाजी, झालं. काहाडा आता तो कानाचा."

"पुरा आयकला बा तुहा दम," किसनराव म्हणाले. "सुरुवातीपासून आखरीलोक."

मग त्यांनी मला तोंडाला लावलं. आवाज फुटलाच नाही. माझ्यातून नुसती गरम हवा गेली. पण लोकांनी मी तोंडाला लागलेला पाहिला होता. ते असे ओरडले की माझा डाख उसवतो की काय असं मला वाटलं.

परतीच्या गाडीत किसनराव ज्याला त्याला विचारत होते, शेवटी कसा धरला, कसा सुटला, हात आधी टेकला की पाय. स्वतः पाहिलं नव्हतं ना. चंद्रभाननं त्यांना चार वेळा सांगितलं.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. माझ्या काठाला गंज आहे, दोरी तिसरी आहे. किसनरावांचे कान गेले. आता शकुनबाईच मला त्यांच्या कानाला लावते आणि सांगते, "जेवाले उठा." ती त्याहून बरंच काही ऐकवते, ते इथं नको.

दसरा आला की ते मला पुसून खांद्याला लावतात. रेघेजवळ बसतात, मी कानाला. नव्या पोरांना गंमत वाटते. मागच्या हंगामात एकानं विचारलं, "बुढेबाबा, भोंगा आनता आन् ओरडत काहून नाही?"

किसनरावांना ते माझ्यातून ऐकू आलं. म्हणाले, "ओरडाले तुमी सारे हाये ना बा. कोनी तरी आयकाले बी पाह्यजे."

तुम्हीही कधी मैदानावर गेलात, तर आपल्या माणसाचा दम चालू असताना थोडं थांबा. तो रेघेपार आला की खुशाल ओरडा, मी सोबत आहे. दसरा आठ दिवसांवर आलाय आणि किसनराव मला पुसायला घेत आहेत.