किनाऱ्यावरचे निखारे

चिमणीच्या गालावर बोटं अजून लालसर उमटलेली होती. तिच्या आईने केस पुढे ओढून ती झाकली खरी, पण चर्चच्या पायऱ्यांवरच सासूबाईंची नजर पडली.

"अगंबाई, हिच्या गालाला काय झालं?"

"डास चावला असेल." आईच्या तोंडातून कसं निघून गेलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"डास होता की हत्ती?" म्हणत सासूबाई उपासनेला आत गेल्या.

इस्त्रीच्या फ्रॉकवर दूध सांडलं, एवढंच झालं होतं. पण धाकट्याने रात्रभर जागवलेलं, त्यात उशीर झालेला, आणि तिचा हात उठला. चांगला सणसणीत. चिमणी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं सकाळपासून आईच्या छातीत रुतून बसलं होतं.

आता कुठल्या तोंडाने संडे स्कूल घ्यायचं? मागच्या खोलीत पोरं चटईवर वाटच बघत होती. तिने फळ्यावर येशूच्या शिष्याचं, पेत्राचं चित्र लावलं. येशूला धरून नेलं, तेव्हा हा त्याचा जिवलग शेकोटीपाशी उभा राहून म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. एकदा नाही, तीनदा.

"खोटं बोलला?" एका दातपडक्याने विचारलं.

"हो." ती म्हणाली.

"चिमणे, तुझ्या गालाला काय झालंय गं?" शेजारची मुलगी मध्येच म्हणाली.

चिमणीने आईकडे पाहिलं. मग मोठ्या माणसासारखं सांगितलं, "डास चावला."

आईच्या मनात आलं: मारलं ते मारलं, वर चार वर्षांच्या लेकराला आपलं पाप झाकायला शिकवलं.

"मग येशूने त्याला मारलं?" दातपडका पिच्छा सोडेना.

"नाही रे. तो पुन्हा जिवंत झाल्यावर तळ्याकाठी आला. पेत्राने होडीतून उडी टाकली, पाण्यातून धडपडत पोचला, तर तिथे निखाऱ्यांवर मासे..."

ती थांबली. गोष्ट तिने कितीदा तरी सांगितली होती. पण येशूने निखारे आधीच पेटवून ठेवले होते! पेत्र ओलाचिंब किनाऱ्याला लागण्याआधी, 'चुकलो' म्हणण्याआधी. आणि आपण सकाळपासून उलटंच धरून बसलोय: आधी चांगली आई व्हायचं, मग येशूसमोर जायचं.

"मासे काय, टीचर?"

"भाजत ठेवले होते. भूक लागली असणार ना त्याला."

वर्ग सुटला तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. ती चिमणीपाशी खाली बसली आणि तिचे केस कानामागे सारले.

"आई, डास नव्हता," ती सासूबाईंना म्हणाली. "मी मारलं हिला. आणि खोटं बोलले."

"डासाला बोटं नसतात, एवढं कळतं मला. चल आता, पोर उपाशी आहे."

"मम्मी, मला दूध दे," चिमणी म्हणाली. "मी नाही सांडणार."

"सांडलं तर पुसू गं." ती म्हणाली. गालावरची बोटं अजून तशीच होती. तिने केस पुन्हा पुढे ओढले नाहीत.