उकंडाच्या वाट्याची श्रद्धांजली

देवसिंग राठोडनं यवतमाळच्या दवाखान्यात डोळे उघडले, तेव्हा त्याला मरून एक दिवस झाला होता. बायको रुपीबाई उशाशी बसली होती. तिनं फोन त्याच्या हातात दिला आणि आधी हे वाचून घ्या, चहा मग देते म्हणाली. गावाच्या ग्रुपवर त्याचा फोटो होता. फोटोला हार होता, हाराच्या दोन्ही अंगाला समया होत्या, आणि खाली सगळ्या गावानं ओळीनं हात जोडले होते.

चूक तशी कोणाची नव्हती. मारेगावहून बरंच आत त्यांचं गाव, आणि गावाला लागून देवसिंगचा तांडा. गावातला उकंडा आणि तांड्यातला देवसिंग यांची सावड होती. आज दोघांनी मिळून एकाच्या वावरात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. बोंडअळीचं ते साल. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, त्यामुळे फवारा वर मारायचा आणि तो परत आपल्याच तोंडावर घ्यायचा. त्या दिवशी पाळी देवसिंगच्या वावराची होती. दिवस कलता कलता दोघंही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ओकत बसले. जवळच्या आरोग्य केंद्रात विषावरचं इंजेक्शन नव्हतं. रुग्णवाहिकेची गाडी होती, पण ती चालत नव्हती. शेवटी भाजीच्या टेम्पोत घालून दोघांना यवतमाळला नेलं, आणि सकाळी तिथून गावात फोन आला की दोघांतला एक गेला.

कोण गेला हे फोन करणाऱ्यानं सांगितलं नाही आणि ऐकणाऱ्यानं विचारलं नाही. ग्रुपचे अ‍ॅडमिन विठ्ठलराव, म्हणजे फवारणीची औषधं विकणाऱ्या गावातल्या कृषी केंद्राचे मालक, यांनी सरळ विचार केला. उकंडाजवळ रबर लावलेला बटनांचा फोन. तो ग्रुपवर नव्हताच. ग्रुपवर नसलेला माणूस मरू शकतो, पण त्याला ग्रुपवर श्रद्धांजली कशी देणार? त्यांनी देवसिंगचा फोटो टाकला.

त्या आधी ग्रुपवर देवसिंगला काडीलाव्या म्हणत. आरोग्य केंद्रात इंजेक्शन काहून नाही, हा त्याचा रोजचा प्रश्न, आणि तो विचारताना समोरच्याचा बापही काढायची त्याची रीत होती. विठ्ठलराव उलट विचारत, तू काय डॉक्टर होय काय, आणि मग दोघांचे बाप संध्याकाळपर्यंत ग्रुपवर राहत. मेल्यावर मात्र देवसिंग मनमिळाऊ निघाला. मितभाषी, निर्व्यसनी, अजातशत्रू निघाला. खुद्द विठ्ठलरावांनी लिहिलं होतं की फवारणीच्या विषानं गावाचा निर्भीड आवाज हिरावून नेला.

खरी बातमी कळल्यावर कोणीतरी लिहिलं, देवसिंगभाऊ सुखरूप. त्याखाली फटाके. फटाक्यांखाली बाजारातला कापसाचा भाव. उकंडाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. दोन दिवसांनी विठ्ठलरावांनी खुलासा केला, की उकंडा दारू पिऊन वाऱ्याच्या उलट फवारत होता, औषधात दोष नाही. गावानं पसंतीचे अंगठे टाकले आणि विषय मिटला.

देवसिंग घरी आला. स्टँडवर लोक त्याच्याशी बोलत, पण जरा बाजूला पाहून. मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं, असं प्रत्येकानं त्याला सांगितलं. वाढलेलं आयुष्य येतं कुठून, हे कोणी सांगितलं नाही. विषाचा अंमल डोळ्यांतून उतरला नव्हता, सगळं दोन-दोन दिसे. समोर रुपीबाई बसली की तिच्या मागं एक रुपीबाई. आरशात पाहिलं की दोन देवसिंग, त्यातला एक थोडा मागं, थोडा पुसट. दाढी करताना त्याला वाटे, मागचा आपल्याबरोबर हात हलवत नाही. मग तो दाढी अर्धी टाकून उठे. श्रद्धांजल्या कोणी पुसल्या नव्हत्या; जिवंत माणसाची श्रद्धांजली पुसणं अभद्र वाटत होतं. त्यामुळे तो ग्रुपवर हार घालून तसाच उभा होता.

गांधी जयंतीला ग्रामसभा होती. आरोग्य केंद्रात इंजेक्शन आणि चालणारी गाडी मिळावी असा ठराव देवसिंगनं मांडला होता. पण उकंडा दारूनं मेला असेल तर इंजेक्शन कशाला? आणि पुढची फवारणी तर तोंडावर आलेली. अर्धं गाव पाठीवर पंप बांधून त्याच कपाशीत शिरणार होतं.

त्यानं फोन हातात घेतला. पूर्वीच्या सवयीनं पहिला शब्द विठ्ठलरावांच्या आईवरून निघाला, पण तो ग्रुपवर गेला नाही. सगळ्या गावानं आपल्याला मितभाषी म्हटलंय, याचं त्याला ओझं झालं होतं. बराच वेळ खोडाखोड करून त्यानं लिहिलं :

"आदरणीय मंडळी, आपण माझ्यासाठी चांगले शब्द लिहिले. मी जिवंत असल्यामुळे ते माझ्या कामाचे नाहीत. ते उकंडाचे होते, पत्ता चुकून माझ्याकडे आले. ज्याचे त्याला देण्याची परवानगी द्यावी. ज्यांची हरकत असेल त्यांनी कारण सांगावं, मी उलट बोलणार नाही."

ग्रुपला हे नवीन होतं. शिवी आली असती तर उत्तर तयार होतं. दुपारी एकानं लिहिलं, घ्या. दुसऱ्यानं विचारलं, नाव तुम्ही बदलता की मी बदलू? विठ्ठलराव लिहीत असल्याचं मात्र दिवसभर दिसत होतं. काही आलं नाही.

ग्रामसभेत देवसिंग उभा राहिला आणि नाव बदललेली एकेक श्रद्धांजली वाचू लागला. आपला उकंडा मनमिळाऊ होता. आपला उकंडा अजातशत्रू होता. लोक माना डोलवत होते. मागं बायांमध्ये उकंडाची बायको इंदूबाई बसली होती; कोणाबद्दल चाललंय हे समजून घ्यायला ती शेजारणीला विचारत होती. आपला उकंडा निर्व्यसनी होता, इथपर्यंत वाचन आलं, आणि विठ्ठलरावांनी अदबीनं हात वर केला.

"देवसिंगभाऊ, मी उलट बोलत नाई. फक्त विचारतो. उकंडा निर्व्यसनी होता काय?"

सभा हसली. मनापासून हसली. देवसिंगला पुढची ओळ दिसेना. दोन ओळी झाल्या, चार झाल्या. ते कौतुकच दुसऱ्याच्या मापाचं होतं. आणि ज्याच्या अंगावर ते चढवलं, तो त्याच्यात उघडा पडला होता. ठराव हातातून गेला, हे त्याच्या लक्षात आलं.

तेव्हा इंदूबाई उठली. पदर सावरून ती देवसिंगकडंच पाहत म्हणाली, "हा कोन माणूस वाचून राह्यले तुमी? माह्या घरचा असा नव्हता. भांडकुदळ होता. गुरावर वरडे, माह्यावर वरडे. अन् पेत होता, हाव."

विठ्ठलराव मान हलवू लागले. त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "बाजाराच्या दिवशी पेत होता, विठ्ठलभाऊ. वाटेत पडे, नालीत पडे, चप्पल हरवून ये. पन घरी ये. माह्या लग्नापासून पाह्यते मी, दारू पेऊन तो दरवेळी घरी आला. त्या दिवशी नाई आला. मंग त्या दिवशी तो काय पेला, ते तुमी सांगा. डबा तुमच्याच दुकानातला होता."

आता कोणी हसलं नाही. विठ्ठलरावांनी खिशातून फोन काढला, त्यात पाहिलं, ठेवून दिला. त्यांची स्वतःची सून बायांच्या पहिल्या रांगेत बसली होती, आणि तिचा भाऊ परवापासून त्यांच्याच वावरात फवारायला येणार होता. ते खाली मान घालून ग्रामसेवकाला म्हणाले, "ठराव लिहा."

ग्रामसेवकानं विचारलं, कारण काय लिहू?

"फवारणी," विठ्ठलराव म्हणाले. "उकंडा गेला म्हणून, असं लिहा."

हात वर झाले. देवसिंगला ते दिसले तितके होते की त्याच्या अर्धे, याची खात्री त्यानं रुपीबाईकडून करून घेतली. पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर विठ्ठलरावांचा निरोप आला. त्यात एकच शब्द होता : उकंडा. हार नव्हता, समया नव्हत्या; फोटो तर त्याचा कोणाजवळच नव्हता. देवसिंगनं खाली काहीतरी लिहायला घेतलं. चांगलं लिहावं तर तो उकंडा नव्हे, आणि होता तसा लिहावा तर लिहिता येईना. तो वाट पाहत बसला, दुसरं कोणी लिहितं काय. रोज पहाटेपासून शुभ सकाळ म्हणणारा, दुपारी भाव सांगणारा, संध्याकाळी एकमेकांचे बाप काढणारा तो सगळा गाव त्या एका नावाखाली दिवस मावळेपर्यंत गप्प बसून होता. सगळ्यांनी वाचलं होतं. ग्रुप सोडून मात्र कोणी गेलं नाही.